तंत्रज्ञान कंपन्या, मानवी हक्क आणि सरकारचे धोरण: धडगावहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरातील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या पाड्यावरील आशा कार्यकर्तीने घरातील आजारपणासाठी मोबाइलवरील एका कर्ज ॲपमधून ६,००० रुपये घेतले. दोन हप्ते थकले आणि वसुली करणाऱ्यांनी तिच्या फोनमधील एकूण एक क्रमांकावर ती चोर असल्याचे संदेश पाठवले. त्यांत आरोग्य केंद्रातील डॉक्टर होते, गटप्रवर्तक होत्या, माहेरची माणसे होती आणि कामासाठी ज्यांचे क्रमांक तिने साठवून ठेवले होते अशा गरोदर बायाही होत्या. तंत्रज्ञान कंपन्यांनी मानवी हक्क जपावेत यासाठी सरकारचे काही धोरण आहे का, असेल तर ते आमच्या पाड्यापर्यंत का पोहोचत नाही आणि या बाईने आता नेमके काय करावे, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, मी धुळ्यात २७ वर्षे वकिली करतो आहे. पूर्वी सावकारीच्या प्रकरणात पक्षकार सातबारा आणि कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याची गोष्ट घेऊन येत असे. आता तो फोन घेऊन येतो आणि टेबलावर ठेवून म्हणतो की सगळे यातच आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून सुरू न करता त्या फोनपासून सुरू करतो. धोरण आहे, पण ते एका जागी नाही. ते पाच-सहा कायद्यांत, नियमांत आणि परिपत्रकांत विखुरलेले आहे. त्या सगळ्या तुकड्यांकडे मी एकच प्रश्न घेऊन पाहतो: या तरतुदीमुळे कंपनीला उत्तर कोणाला द्यावे लागते, सरकारला की ज्याचे नुकसान झाले त्या माणसाला? आपल्याकडच्या बहुतेक तरतुदींचे उत्तर ‘सरकारला’ असे येते, आणि धोरण पाड्यापर्यंत न पोहोचण्याचे मूळ मला तिथेच दिसते.

या विषयाची जगभर मानली जाणारी चौकट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी स्वीकारली. प्रा. जॉन रगी यांनी मांडलेली ती ३१ मार्गदर्शक तत्त्वे तीन खांबांवर उभी आहेत: लोकांच्या हक्कांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, त्या हक्कांचा आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी, आणि हक्क मोडला गेला तर बाधिताला दाद मिळण्याची सोय. दुसऱ्या खांबाचा गाभा असा की कंपनीने नुकसान होईपर्यंत थांबायचे नसते. आपल्या उत्पादनामुळे आणि आपण ज्यांच्याबरोबर धंदा करतो त्यांच्यामुळे कोणाचे काय बिघडू शकते हे आधी शोधायचे, ते टाळायचे आणि काय केले ते उघडपणे सांगायचे. विहीर खणणारा शेतकरी काठाला कठडा बांधतो, तेव्हा कोणी पडण्याची वाट पाहत नाही. अपेक्षा तेवढीच आहे. ही तत्त्वे कोणत्याही देशात आपोआप कायदा होत नाहीत. त्यांना दात द्यायचे की नाही हे त्या त्या सरकारने ठरवायचे असते.

आपल्या सरकारने काय ठरवले? केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ मध्ये त्या सुधारून जबाबदार व्यवसाय आचरणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत नऊ तत्त्वे आहेत आणि पाचवे तत्त्व सरळ सांगते की व्यवसायांनी मानवी हक्कांचा आदर करावा आणि त्यांना चालना द्यावी. भाषा चांगली आहे, पण पालन ऐच्छिक आहे. त्याच सुमारास व्यवसाय आणि मानवी हक्क या विषयावरील राष्ट्रीय कृती आराखड्याचा पहिला मसुदाही मंत्रालयाने लोकांपुढे ठेवला होता. तो पुढची अनेक वर्षे मसुदाच राहिला. या नऊ तत्त्वांना थोडी सक्ती मिळाली ती शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीमुळे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून या तत्त्वांवर आधारित वार्षिक अहवाल देणे बंधनकारक झाले. मी असे अहवाल वाचतो. मानवी हक्कांच्या प्रकरणात मुख्यतः कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, किमान वेतन आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी यांचे आकडे असतात, आणि ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेविषयी वेगळ्या प्रकरणात काही रकाने असतात. भांडवली बाजारात नसलेले कर्ज ॲप किंवा परदेशात नोंदणी झालेली संदेशसेवा या अहवालांच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे पाड्यावरच्या बाईशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, तेच बहुतेक बाहेर राहतात.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे येऊ, आणि ते आपल्या खान्देशातील सर्वांत दुःखद उदाहरणावरून समजून घेऊ. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून पोट भरण्यासाठी आली होती. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणाऱ्यांच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. मारणारे हात माणसांचेच होते आणि त्यांची जबाबदारी मी तसूभरही कमी करत नाही. तरीही एक प्रश्न त्या दिवसापासून मला सोडत नाही: ज्या रचनेमुळे एक अफवा काही क्षणांत शेकडो गटांत पोहोचते, त्या रचनेचा विचार ती बनवणाऱ्यांनी आधी करायला नको होता का? घटनेनंतर दोनच दिवसांनी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच महिन्यात त्या कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. संदेश कूटबद्ध असल्यामुळे कंपनीला मजकूर दिसत नाही हे खरे आहे, पण ही मर्यादा घालण्यासाठी मजकूर दिसण्याची गरजच नव्हती. कठडा बांधणे शक्य होते, आणि तो बांधला गेला माणसे गेल्यावर.

सरकारने यातून कोणता धडा घेतला ते पाहण्यासारखे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ नुसार दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनीला, म्हणजे लोकांचा मजकूर केवळ पोहोचवणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या कंपनीला, संरक्षण मिळते. मात्र बेकायदेशीर मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर तिने तो काढला नाही तर ते संरक्षण जाते. ही माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात लावला. कंपन्यांनी कोणाच्याही तक्रारीवर घाबरून मजकूर काढत सुटू नये आणि लोकांच्या बोलण्यावर गदा येऊ नये, हा त्यामागचा विचार मला आजही योग्य वाटतो. त्याची दुसरी बाजू मात्र अशी की बाधित माणसाच्या स्वतःच्या तक्रारीला वजन उरले नाही. पुढे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी मध्यस्थांसाठीचे नवे नियम आले. देशात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात राहणारा अनुपालन अधिकारी आणि तक्रार अधिकारी नेमणे, दरमहा अहवाल प्रसिद्ध करणे आणि संदेशसेवा असेल तर संदेशाचा मूळ निर्माता शोधून देणे अशी बंधने घातली गेली. या शेवटच्या अटीला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. राईनपाड्याच्या नजरेने पाहिले तर मूळ निर्माता सापडल्याने पोलिसांचा तपास सोपा होईल. पुढच्या गावात शिरणाऱ्या भटक्या कुटुंबाचा जीव वाचेल तो अफवेचा वेग रोखला गेल्याने. नियमांचा जोर पहिल्या गोष्टीवर राहिला. सरकारचे ऐकणे आणि माणसाचा हक्क जपणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि कधी कधी ती एकमेकांच्या विरुद्धही जातात. कंपनीला सरकारपुढे अधिक वाकवले म्हणजे नागरिक अधिक सुरक्षित झाला असे समजण्याची चूक आपण करू नये.

याच नियमांत एक तरतूद मात्र माणसाच्या बाजूने लिहिलेली आहे. कोणाचे खासगी अवयव दाखवणारे किंवा बनावट चेहरा जोडून तयार केलेले छायाचित्र प्रसारित झाले, तर त्या व्यक्तीने स्वतः तक्रार केल्यावर ते हटवणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही. मूळ नियमांत त्याला २४ तासांची मुदत होती. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. अशा तीन समित्या केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या. मी काही प्रकरणांत हा मार्ग वापरला आहे आणि तो उपयोगी पडतो, असे अनुभवाने सांगतो.

खासगीपणाच्या हक्काचा पाया २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने घातला. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या पायावर वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये उभा राहिला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांविषयी मला खान्देशातील माणूस म्हणून बोलावेसे वाटते.

पहिली भाषेची. माहिती घेण्यापूर्वी कंपनीने द्यावयाची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असे कायदा म्हणतो. त्यामुळे मराठी आली, आणि हे मोठे पाऊल आहे. परंतु आठव्या अनुसूचीत अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही, मावची नाही. काही वर्षांपूर्वी शिंदखेडा तालुक्यातील एक म्हातारे बाबा माझ्याकडे आले होते. नातवाने घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी त्यांना रोज फोन येत होते आणि त्यांच्या स्वतःच्या फोनमधील नावे समोरचा माणूस वाचून दाखवत होता. त्यांनी मला विचारले, “मना फोनमा काय शे ते त्यासले कसं माहीत पडनं?” या प्रश्नाचे उत्तर त्या ॲपने संमती घेताना द्यायला हवे होते, आणि ते त्यांना समजेल अशा शब्दांत द्यायला हवे होते. लेखी सूचना अहिराणीत छापून सगळे सुटेल असे मी म्हणत नाही, कारण वाचता न येणाऱ्याला ती कोणत्याही लिपीत सारखीच. परंतु बोलून सांगितलेली सूचना, तीही स्थानिक बोलीत, ही आजच्या तंत्रज्ञानाला अजिबात अवघड नाही. ज्या कंपन्यांना अहिराणी गाण्यांवर जाहिराती दाखवता येतात, त्यांना चार वाक्यांचा इशारा अहिराणीत ऐकवता येणार नाही, हे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट दाद मिळण्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. या कायद्याखाली कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा मोठा आहे. पण तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्या बाईची बदनामी झाली तिला त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद नाही. माहितीची नीट काळजी न घेतल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा जो मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये होता, ते कलमच नवा कायदा वगळतो. या कायद्याखालील तक्रारी ऐकणाऱ्या माहिती संरक्षण मंडळाच्या कक्षेतील विषयांवर दिवाणी न्यायालयात जाण्यासही मनाई आहे. उलट, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर तक्रारदाराला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि माझ्या अनुभवात गरीब माणूस हे एकच कलम लक्षात ठेवून घरी बसतो. शेजाऱ्याच्या बैलाने पीक खाल्ले तर पंच दंड करतातच, पण ज्याचे शेत गेले त्याच्या पदरातही काही टाकतात. आपल्या नव्या कायद्याने दंड ठेवला आणि पदर विसरला. संसदेला यात दुरुस्ती करता येईल आणि ती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जावे का, असेही अनेक जण विचारतात. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार आयोगाचा अधिकार लोकसेवकाने केलेल्या हक्कभंगापुरता, किंवा हक्कभंग रोखण्यात लोकसेवकाने केलेल्या हयगयीपुरता आहे. खासगी कंपनीविरुद्ध थेट तक्रार तिथे चालत नाही. पोलिसांनी तक्रारच घेतली नाही, तर ती हयगय मात्र आयोगापुढे नेता येते, आणि तीही घटनेपासून एक वर्षाच्या आत.

सरकार स्वतःच तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा ग्राहक असते ही गोष्ट या चर्चेत बहुधा सुटते. नंदुरबार जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात दिला गेला. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना बहुतांशी वैध ठरवली, परंतु खासगी कंपन्यांना कराराच्या जोरावर आधार पडताळणीची मुभा देणारा कलम ५७ चा भाग रद्द केला. सातपुड्यात रेशनच्या दुकानावर यंत्र अंगठा ओळखत नाही, किंवा रेंज नाही म्हणून माणसे यंत्र घेऊन टेकडीवर चढतात, हे मी स्वतः पाहिले आहे. यंत्र पुरवणारी कंपनी, जोडणी देणारी कंपनी आणि संगणक प्रणाली लिहिणारी कंपनी या तिघी वेगळ्या असतात, आणि धान्य न मिळालेल्या म्हातारीला यांपैकी एकीचेही नाव माहीत नसते. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की लोकांच्या हक्कांवर परिणाम करू शकणाऱ्या सेवा सरकार कंपन्यांकडून घेते तेव्हा त्यांच्यावर पुरेशी देखरेख ठेवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. हे करायला नवा कायदासुद्धा लागत नाही. निविदेत अट घालता येते की अंगठा जुळला नाही तर त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने धान्य दिले जाईल, प्रत्येक अपयशाची नोंद राहील आणि ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवली जाईल. शेतकऱ्यांची ओळख आणि जमिनीच्या नोंदी आता एकत्र जोडल्या जात आहेत. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाची माहिती खते, विमा आणि कर्ज विकणाऱ्यांच्या हाती कोणत्या अटींवर जाते, हे त्याला आधी कळले पाहिजे. सरकारच्या हातातील सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी वापरले जाणारे साधन म्हणजे हा करारनामा.

प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नाही, तरी जळगाव आणि धुळ्यात घरोघर डबे आणि पार्सले पोहोचवणारी मुले वाढली असल्याने थोडक्यात सांगतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात या कामगारांची व्याख्या आहे आणि प्लॅटफॉर्म कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधी द्यावा अशी तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. मात्र माझ्याकडे येणाऱ्या मुलांची तक्रार निधीची नसते. सकाळी उठल्यावर आयडी बंद दिसतो आणि कारण सांगायला माणूसच नसतो, ही असते. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले, आणि कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना देण्याचे बंधन आहे. महाराष्ट्राने निदान एवढे तरी घ्यावे.

आता तुमच्या पाड्यावरच्या बाईकडे येतो. तिच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडणारे धोरण मानवी हक्कांच्या कोणत्याही कागदात नसून रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे. २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांनी कर्ज ॲपला फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली, आणि ॲपने जे केले त्याची जबाबदारी त्यामागच्या बँकेवर किंवा वित्तसंस्थेवर टाकली. २०२५ मध्ये हे नियम एकत्र करून नव्याने देण्यात आले आणि नियमित संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादीही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आली. गुगलने आपल्या प्ले स्टोअरवर अशा ॲपना संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची बंदी ३१ मे २०२३ पासून लागू केली. पाहा, इथे नियम नेमका आहे, आधी लागू होतो आणि ॲपला दारात उभे करणाऱ्या दुकानदारालाही लागतो. मानवी हक्कांचे धोरण कसे लिहावे याचा नमुना मला इथे सापडतो. ‘ग्राहकाच्या प्रतिष्ठेचा आदर करावा’ असे लिहिण्यापेक्षा ‘संपर्कयादीला हात लावू नये’ असे लिहिणे शंभर पटीने बरे.

म्हणून पहिले काम, ते ॲप त्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर त्यामागील बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा; ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. बाईने व्याज भरले आहे, म्हणजे मोबदला देऊन सेवा घेतली आहे, त्यामुळे ती ग्राहक ठरते आणि नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात भरपाईही मागू शकते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावण्याची मुभा दिली आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क नाही. (फुकट मिळणारी सेवा मात्र ग्राहक कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे, आणि म्हणूनच समाजमाध्यमांविरुद्ध हा रस्ता सहसा बंद असतो.)

ॲप त्या यादीत नसेल तर ते बहुधा अवैधपणे कर्ज देणारे आहे, आणि तेव्हा मार्ग बदलतो. १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या. धमकी, खंडणी आणि बदनामी यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमे ३५१, ३०८ आणि ३५६ लागू शकतात. ‘गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही’ हे कारण आता ठाणेदाराला देता येत नाही, कारण हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. शिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. मोबाइलवरच्या सावकाराला हा कायदा लावण्याचा विचार फारसा कोणी करत नाही. गावच्या सावकाराला निदान परवाना घ्यावा लागतो, हिशेबाची वही ठेवावी लागते आणि कर्जदाराला पावती द्यावी लागते. ॲपला त्याहून अधिक मोकळीक देण्याचे काहीच कारण नाही.

पुराव्याची काळजी आजपासूनच घ्या, कारण बहुतेक प्रकरणे इथे ढासळतात. घाबरून ॲप काढून टाकू नका आणि संदेश पुसू नका. आधी पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह काढा, ज्या खात्यातून पैसे आले आणि ज्या खात्यात गेले त्याचा बँक तपशील घ्या, आणि फोन तसाच जपून ठेवा. न्यायालयात हे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. वकिलासाठी पैसे नसतील तर नंदुरबार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, पण माझ्या दृष्टीने ती मोठी आहे. ज्या गरोदर बायांना संदेश गेले, त्यांनी कोणतेही कर्ज घेतले नव्हते आणि कोणत्याही ॲपला परवानगी दिली नव्हती. आशाताईने ‘अलाऊ’वर बोट ठेवले म्हणून त्यांची संमती झाली, असे कोणताही कायदा म्हणत नाही. त्यांपैकी काही जणी त्या संदेशांनंतर आरोग्य केंद्रात येताना कचरत असतील, तर इथे खासगीपणाबरोबर आरोग्याच्या हक्कालाही धक्का लागला आहे. त्या बाया तयार असतील तर त्यांनी स्वतंत्रपणे, स्वतःच्या नावाने तक्रार द्यावी. एका कर्जदाराची तक्रार आणि तिच्यासोबत कर्जाशी संबंध नसलेल्या सात-आठ बायांच्या तक्रारी यांत अधिकाऱ्याच्या टेबलावर फार फरक पडतो. त्यांचे म्हणणे आधी त्या ज्या भाषेत सांगतात त्याच भाषेत, पावरी असेल तर पावरीतच, शब्दशः उतरवून घ्या. मग शेजारी मराठी लिहा, दोन्ही त्यांना वाचून दाखवा आणि त्यानंतरच सही किंवा अंगठा घ्या.